गरिबाचें आजारपण व साक्षरांचें कर्तव्य

श्रीमंताच्या घरीं दुखणें आलें म्हणजे प्रथम डॉक्टर येतो. गरिबाच्या घरीं दुखणें आलें म्हणजे प्रथम सावकार येतो. हें वाक्य मीं वर्गांत मुलांना कित्येकदां ऐकविलें असेल. परंतु त्याचा खरा अर्थ मला स्वतःला कळला तो नोकरींतून मोकळा झाल्यावर, साठी उलटून गेल्यानंतर. तो कसा कळला हें सांगण्यांत माझीच शोभा होणार आहे. तथापि ज्या घरांतून असलीं मासिकें वडीलधाऱ्यांपासून सुनांपर्यंत सर्वजण वाचतात, त्या घरांतील मंडळींना त्यापासून कांहीं उपयोग होईल, या आशेनें संकोच बाजूस ठेवून लिहीत आहें.

आमचें घर पुण्यांतील एका जुन्या पेठेंत आहे. आम्ही दोघे भाऊ, मुलें, सुना व नातवंडें मिळून अकरा माणसें एका चुलीवर जेवतों. अशा घरचीं धुणींभांडीं गेलीं कित्येक वर्षें एकच बाई करीत आल्या आहेत. त्यांचे यजमान बाजारांत हातगाडी ओढीत असत. २०२३ सालच्या श्रावणांत बाई तीन दिवस आल्या नाहींत. चौथ्या दिवशीं त्यांची थोरली मुलगी निरोप घेऊन आली. पोत्यांनीं भरलेली गाडी उतारावर कलंडली, वडिलांच्या मांडीचें हाड मोडलें, आणि त्यांना एका मोठ्या इस्पितळांत ठेवलें आहे. चाळीस हजार रुपये अनामत भरल्याखेरीज शस्त्रक्रिया होणार नाहीं, असें ती सांगत होती.

आम्हीं काय केलें? आपण सारेच जें करतों तें केलें. दादांनीं घरांत सर्वांकडून गोळा करून पांच हजार रुपये तिच्या हातावर ठेवले. वहिनींनीं दोन जुनीं पातळें दिलीं व धाकट्या मुलीसाठीं डबा भरून दिला. संध्याकाळीं ओटीवर बसून आम्हां दोघां भावांत "गरिबाचे फार हाल" असें बोलणें झालें, आणि कर्तव्य केल्याचें समाधान बाळगून आम्ही रात्रीं स्वस्थ झोंपलों. उरलेले पस्तीस हजार बाई कोठून आणतील, हें विचारण्याचें कोणासही सुचलें नाहीं.

आठव्या दिवशीं मी इस्पितळांत समाचारास गेलों. लिफ्ट वर गेलेली होती, म्हणून खालीं उभा राहिलों. भिंतीवर कांहीं लिहिलेलें दिसलें कीं तें वाचल्यावांचून शाळामास्तराला राहवत नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या यंत्राच्या आड एक पाटी होती. तिच्यावर लिहिलें होतें कीं, हें इस्पितळ धर्मादाय विश्वस्तसंस्थेचें असून येथील शेंकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य, व शेंकडा दहा खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवलेल्या आहेत. गरजूंनीं समाजसेवा अधिकाऱ्यांस भेटावें. ती पाटी मीं दोनदां वाचली. मग लिफ्ट सोडून त्या अधिकाऱ्यांची खोली शोधीत निघालों.

तेथें एक तरुण गृहस्थ बसले होते. त्यांनीं शांतपणें सर्व हकीकत ऐकून घेतली, शिधापत्रिका आहे का, उत्पन्नाचा दाखला आहे का, असें विचारलें, आणि शेवटीं म्हणाले, "गुरुजी, पहिल्याच दिवशी कोणी माझ्याकडे आलं असतं, तर अनामत भरावीच लागली नसती."

मी वर जाऊन बाईंना विचारलें, "बाई, खालची पाटी तुम्हांला दिसली नाही का?" बाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "दिसली होती, मास्तर. पण दवाखान्यातल्या पाट्या म्हणजे शांतता राखा, चपला बाहेर काढा, असंच काही असतं. आपल्या कामाचं त्यात काय असणार? आणि विचारायला गेले, अन् पैसे नाहीत म्हणून ह्यांना बाहेरच काढलं असतं, तर?" बोलतांना त्यांचा हात सहज गळ्याकडे गेला. गळ्यांत मंगळसूत्र नव्हतें. दोऱ्यांत ओंवलेले काळे मणी तेवढे होते. मंगळसूत्राच्या सोन्याच्या वाट्या व दोन बांगड्या पस्तीस हजारांना गहाण पडल्या होत्या. व्याज दरमहा शेंकडा तीन रुपये.

घरीं येऊन मीं हें सारें सांगितलें, तेव्हां आमचें कुटुंब एवढेंच म्हणालें, "पाच हजार दिलेत ते चांगलंच केलंत. पण त्याच दिवशी तिथवर चालत गेला असता, तर तिच्या गळ्यातलं गळ्यात राहिलं असतं." यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

जाळें आहे, पण दिसत नाहीं

मनाला लागलेली ही टोंचणी स्वस्थ बसूं देईना. माझें आयुष्य शब्द व धातु चालविण्यांत गेलेलें. कायदा आणि वैद्यक या दोहोंचाही गंध नाहीं. तरी पुढील कांहीं महिने मीं माहितीपत्रकें, शासननिर्णय व अर्जांचे नमुने वाचण्यांत घालविले. त्यांतून जें ध्यानांत आलें तें असें. सर्कशींत झुल्यावर खेळ करणाऱ्या माणसाच्या खालीं जाळें ताणलेलें असतें, म्हणून त्याचा हात सुटला तरी जीव वांचतो. हातावर पोट असलेला माणूस जन्मभर झुल्यावरच असतो, आणि त्याच्या खालीं जाळें नाहीं अशी आपली समजूत असते. ती समजूत चुकीची आहे. जाळें एक नाहीं, तीन-चार आहेत. परंतु तीं निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांनीं विणलेलीं असल्यामुळें त्यांच्यामध्यें फटी आहेत. आणि कोणतें जाळें कोठें आहे, तें पडणाऱ्याला दिसत नाहीं.

सर्वांत जुनें जाळें सार्वजनिक इस्पितळांचें. मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई इस्पितळ १८४५ सालीं व पुण्याचें ससून १८६७ सालीं दानशूरांच्या मोठ्या देणग्यांवर उभें राहिलें. मुंबई नगरपालिकेचें के. ई. एम. इस्पितळ १९२६ सालीं सुरू झालें. पुढें स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४३ सालीं, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिनें १९४६ सालीं जो अहवाल दिला, त्याचें पहिलें सूत्र असें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणानें कोणीही योग्य उपचारांस मुकूं नये. या सूत्रावर भाष्य लिहिण्यांत देशाचीं पाऊणशें वर्षें गेलीं असें म्हटलें तरी चालेल. १ जून २०११ पासून सरकारी इस्पितळांतील बाळंतपण, मग तें शस्त्रक्रियेनें झालेलें असो, औषधें, आहार व जाण्यायेण्याच्या वाहनासह विनामूल्य करण्यांत आलें. २०१४ सालीं महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. तिला पैसे द्यावे लागत नाहींत. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागानें आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत सर्वांना तपासणी व उपचार निःशुल्क केले. वैद्यकीय महाविद्यालयांचीं इस्पितळें मात्र त्या निर्णयांत नव्हतीं, हें लक्षांत ठेवावें.

दुसरें जाळें धर्मादाय इस्पितळांचें. बाईंच्या यजमानांना जें वेळीं उपयोगीं पडावयास हवें होतें तें हेंच. लोकोपकारासाठीं म्हणून नोंदलेल्या विश्वस्तसंस्थांना करांत व इतर बाबतींत सवलती मिळतात. त्या बदल्यांत त्यांनीं गरिबांसाठीं कांहीं करावें, हें उघडच न्याय्य आहे. १९५० सालच्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमांत (आतां त्याच्या नांवांत मुंबईच्या जागीं महाराष्ट्र आलें आहे) कलम ४१ कक याच हेतूनें घातलेलें आहे. पण कलम पुस्तकांत आणि रुग्ण दारांत, अशी स्थिति बरींच वर्षें होती. अखेर मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालच्या ऑगस्टमध्यें एक तपशीलवार योजना ठरवून दिली, आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ती अमलांत आली. पाटीवरील दहा आणि दहा हे आंकडे त्या योजनेंतले.

या योजनेंतील दोन गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असाव्यात. पहिली अशी कीं, जिवावर बेतलेल्या रुग्णाला इस्पितळानें तत्काळ दाखल करून घेतलें पाहिजे, त्याची प्रकृति स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत, आणि अशा वेळीं अनामत रक्कम मागतां कामा नये. दुसरी गोष्ट पैशाची. इस्पितळानें आपल्या इतर सर्व रुग्णांच्या बिलांच्या रकमेपैकीं शेंकडा दोन रुपये 'निर्धन रुग्ण निधि' म्हणून वेगळे काढावयाचे, व त्यांतून गरिबांच्या औषधांचा व साहित्याचा खर्च भागवावयाचा. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आपल्या घरांतील कोणाचें मोतीबिंदू अशा इस्पितळांत काढलेलें असेल, किंवा सूनबाईंचें बाळंतपण तेथें झालेलें असेल, तर त्या बिलाच्या शंभर रुपयांमागें दोन रुपये या निधीच्या हिशेबांत धरले गेलेले आहेत. म्हणजे द्यावयाचें तें देऊन झालें आहे. घेणारा तेवढा दारापर्यंत पोंचलेला नाहीं. योजनेच्या आरंभीं वार्षिक उत्पन्न २५,००० रुपयांपर्यंत असलेला तो निर्धन, व ५०,००० पर्यंतचा तो दुर्बल, अशी मर्यादा होती. पुढें ती वेळोवेळीं वाढविण्यांत आली. पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. तक्रार असल्यास ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत करतां येते.

तिसरें जाळें विम्याचें. पण हप्ता सरकारनें भरावयाच्या विम्याचें. २ जुलै २०१२ रोजीं महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरांत ती राज्यभर नेण्यांत आली, आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, असें तिचें मूळ स्वरूप होतें. पुढें २३ सप्टेंबर २०१८ रोजीं केंद्र सरकारची 'आयुष्मान भारत' योजना आली. तींत पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाखांची तरतूद होती. १ एप्रिल २०२० पासून या दोन्ही योजना राज्यांत एकत्र चालूं लागल्या. त्यानंतर २०२३ सालच्या जुलैंत राज्य सरकारनें निर्णय घेतला व १ जुलै २०२४ पासून त्याचा अंमल सुरू केला. त्यानुसार पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांप्रमाणेंच शुभ्र शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनाही पांच लाखांपर्यंतचें संरक्षण मिळालें. योजनेंतील इस्पितळांत एक 'आरोग्यमित्र' बसतो. रुग्णानें प्रथम त्याच्याकडे जावें. पैसे भरून पावती घेऊन मागाहून जाऊं नये. हा क्रम चुकला कीं सारें बिघडतें. १५५३८८ व १४५५५ हे या योजनांचे चौकशीचे दूरध्वनि क्रमांक होत.

चौथें जाळें कारखान्यांतील व दुकानांतील नोकरांचें. प्रा. बी. पी. आडारकर यांनीं १९४४ सालीं दिलेल्या अहवालाच्या आधारानें १९४८ सालीं राज्य कामगार विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. मजुरींतून थोडे पैसे कापले जातात, मालक त्यांत अधिक भर घालतो, आणि कामगाराच्या साऱ्या कुटुंबास औषधोपचार मिळतात. शिवाय आजारपणांतल्या बुडालेल्या मजुरीचा कांहीं भागही मिळतो. ही शेवटची गोष्ट इतर कोणत्याही जाळ्यांत नाहीं. परंतु हातगाडी ओढणारा, धुणींभांडीं करणारी, फुलें विकणारी, यांना मालक असा नसतोच. म्हणून हें उत्तम जाळें त्यांच्या खालीं येत नाहीं.

फटी कोठें आहेत

या सर्व योजनांचा उपयोग झालेला नाहीं असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. देशाच्या आरोग्यखर्चाचा जो सरकारी हिशेब प्रसिद्ध होतो, त्याप्रमाणें २०१३-१४ सालीं एकूण खर्चापैकीं शेंकडा ६४.२ इतका भाग लोकांनीं प्रत्यक्ष आपल्या खिशांतून केला होता. २०२१-२२ सालीं तें प्रमाण ३९.४ वर आलें. घट मोठी आहे. पण शंभरांतले एकोणचाळीस रुपये अजूनही घरांतून जातात, आणि ज्याच्या घरांत ते नसतात, त्याला ते गळ्यांतून काढावे लागतात.

यांतील पहिली फट अशी कीं, विम्याच्या योजना मुख्यतः इस्पितळांत दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक शस्त्रक्रिया व उपचार यांसाठीं आहेत. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यांत बहुधा येत नाहींत. आणि गरिबाचें दिवाळें पुष्कळदां एका मोठ्या शस्त्रक्रियेनें न निघतां रोजच्या गोळ्यांनीं निघतें. दुसरी फट बुडालेल्या मजुरीची. पाय बरा होईपर्यंत गाडी उभी राहते, पण चूल उभी राहत नाहीं. तिसरी फट कागदांची. आधार कार्डावर एक नांव, शिधापत्रिकेवर दुसरें. पत्रिका गांवीं सासऱ्याच्या नांवावर, आणि माणूस शहरांत. चौथी फट इस्पितळांच्या बाजूची आहे, व तीही न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. ठरवून दिलेले दर पुरत नाहींत, सरकारकडून येणें असलेली रक्कम वेळेवर येत नाहीं, अशी इस्पितळचालकांची तक्रार असते, आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. म्हणून पाटी लावावयाची खरी, पण ती पाण्याच्या यंत्रामागें लावावयाची, असा मोह कोणाकोणाला होतो.

पांचवी फट लाजेची. ती आपल्याच वर्गांत अधिक आढळते. निति आयोगाच्या २०२१ सालच्या एका अहवालाप्रमाणें देशांतील निदान शेंकडा तीस लोक, म्हणजे सुमारें चाळीस कोटी माणसें, आरोग्याच्या खर्चाबाबत कोणत्याही संरक्षणाबाहेर होतीं. तीं दारिद्र्याच्या यादींत बसत नाहींत, आणि विम्याचा हप्ता त्यांना परवडत नाहीं. हीं माणसें कोण? खाजगी शिकवण्या करणारे, छोट्या दुकानांतले कारकून, घरोघरीं पोळ्या करणाऱ्या विधवा, आणि आपल्या घरीं सत्यनारायण सांगणारे भिक्षुक. आमच्याकडे येणाऱ्या भटजींना २०२५ सालीं हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. त्यांची शिधापत्रिका शुभ्र. नव्या निर्णयानें तीही चालते, हें मीं त्यांना सांगितलें, तर ते म्हणाले, "मास्तर, आम्ही दक्षिणा घेतों ती मंत्र म्हणून. फुकटचं कसं घ्यावं?" मीं त्यांना विचारलें, "रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडांत रात्रीं घरीं जातां, तेव्हां दक्षिणा कोणाला देतां?" ते हंसले, आणि दुसऱ्या दिवशीं माझ्याबरोबर आरोग्यमित्राकडे आले. शस्त्रक्रिया झाली, आतां ते पुन्हां पूजा सांगतात, पण जिना मात्र सावकाश चढतात.

आपण काय करावें

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जाळें विणणें हें सरकारचें व न्यायालयांचें काम. तें पुरेसें विणलेलें नाहीं हें खरें, व त्याविषयीं मतें मांडणारे विद्वान पुष्कळ आहेत. परंतु जें विणलेलें आहे, तें पडणाऱ्या माणसाच्या खालीं वेळेवर ओढून नेणें, हें काम कोण करणार? त्याला पैसा लागत नाहीं. त्याला लागतें तें वाचतां येणें, अर्ज लिहितां येणें, टेबलामागें बसलेल्या माणसाशीं न घाबरतां बोलतां येणें, आणि अर्धा दिवस मोकळा असणें. या चारही गोष्टी आपल्या घरांत आहेत. एकत्र कुटुंबांत तर त्या वांटून घेण्याइतक्या आहेत.

आमच्या घरीं आतां एक वही केली आहे. धुणींभांडीं करणाऱ्या बाई, पोळ्या करणाऱ्या काकू, जिना झाडणारा मुलगा, दूध घालणारे, भटजी, अशा सर्वांचें एकेक पान आहे. त्यावर कोणत्या रंगाची शिधापत्रिका, तींत कोणाचीं नांवें, आधार कार्डावरील नांव तेंच आहे कीं वेगळें, उत्पन्नाचा दाखला केव्हां काढला व त्याची मुदत केव्हां संपते, घरांत कोण गरोदर, कोण रोजची गोळी घेतें, एवढें लिहिलेलें आहे. कागदांच्या प्रती मागच्या खिशांत ठेवलेल्या आहेत. नांवें जुळविण्याचें काम कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याकडे आहे. तहसील कचेरींत जाण्याचें माझ्याकडे, कारण रांगेंत उभें राहण्यास मला वेळ आहे. आणि वही अद्ययावत ठेवण्याचें सूनबाईंकडे. शेवटच्या पानावर आपल्या भागांत धर्मादाय इस्पितळें कोणतीं, विमा योजनेंतलीं कोणतीं, सरकारी कोणतें, आणि चौकशीचे क्रमांक कोणते, हें लिहून ठेवलें आहे. हें सारें दुखणें येण्यापूर्वीं करावयाचें. आग लागल्यावर विहीर खणावयास बसणें शहाणपणाचें नव्हे, हें आपण मुलांना शिकवितों. कागदांच्या बाबतींत आपण स्वतःच तें विसरतों.

या वहींत एक पान आमच्या दादांचेंही आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षें व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचें पांच लाखांचें संरक्षण मिळूं लागलें. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इतरांचीं पानें भरतांना आमच्याच घरचें हें पान कोरें असल्याचें सूनबाईंच्या ध्यानांत आलें. दुसऱ्यासाठीं वाचूं लागलें म्हणजे स्वतःचेंही वाचलें जातें, याचा हा अनुभव.

कोणी म्हणेल, अशानें लोकांना फुकटाची चटक लागेल. मला विचारावेंसें वाटतें कीं, मांडीचें हाड मोडून घेण्याची चटक कोणाला लागते? दुसरा आक्षेप असा कीं, पात्र नसलेलेही खोटे दाखले आणतात. आणत असतील. मग खऱ्या पात्र माणसाचा दाखला आपण वेळेवर काढून दिला, तर खोट्याला तेवढी जागा कमी उरेल. तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: दुसऱ्याच्या संसारांत इतकें शिरावें का? याला उत्तर इतकेंच कीं, विचारून शिरावें. बाईंना मीं प्रथम कागद दाखवा म्हटलें, तेव्हां त्या बिचकल्या. आमच्या कुटुंबानें आधीं आमच्या घरची शिधापत्रिका काढून त्यांच्यापुढें ठेवली व म्हटलें, "ही आमची. आता तुमची आणा, दोन्ही एकदम पाहू." मग अडचण राहिली नाहीं.

बाईंच्या हकीकतीचा शेवट सांगावयाचा राहिला. त्या दिवशीं शिधापत्रिका दाखविल्यावर पुढचें बिल निर्धन रुग्ण निधींतून भागविण्यांत आलें. आधीं भरलेली अनामत मात्र खर्चीं पडलेली होती. ती परत मिळाली नाहीं. यजमान आतां काठी घेऊन चालतात. गाडी ओढवत नाहीं, म्हणून एका गोदामाच्या दारांत बसून पोतीं मोजतात. मंगळसूत्र सुटलें तें चौदा महिन्यांनीं. दरमहा एक हजार पन्नास रुपये याप्रमाणें बाईंनीं चौदा हजार सातशें रुपये नुसतें व्याज भरलें. मीं त्यांच्याच पुढ्यांत हा हिशेब कागदावर मांडला, आणि मांडतांना माझी मान खालीं गेली. आम्हीं दिलेल्या पांच हजारांच्या जवळजवळ तिप्पट ती रक्कम होती. आमच्या न वाचण्याचा तो दंड होता. भरला मात्र बाईंनीं.

'साक्षरा' हा शब्द उलटा वाचला कीं 'राक्षसा' होतो, ही आमच्या पाठशाळेंतली जुनी गंमत. ती सांगितली कीं मुलें हंसत, व मीही हंसत असें. आतां वाटतें कीं, साक्षर माणसाला राक्षस होण्यासाठीं कांहीं दुष्ट कृत्य करावें लागत नाहीं. पाटीसमोरून न वाचतां गेलें तरी पुरतें.

तेव्हां वाचकांना व विशेषतः वाचकभगिनींना एकच विनंति आहे. उद्यां सकाळीं आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना चहा देतांना विचारावें, "तुमच्या शिधापत्रिकेवर कोणाकोणाचीं नांवें आहेत?" एवढ्या एका प्रश्नापासून वहीचें पहिलें पान सुरू होतें.